जेवणाआधीची गोळी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकाच कागदावर माझ्याविषयी चांगलं लिहिलेलं होतं, आणि तो कागद मी चोरून तयार केला होता. ही त्या कागदाची हकिकत आहे. ती सांगताना मी चांगली दिसणार नाही, बाबाही दिसणार नाहीत. आमच्या घरात आई तेवढी बरी दिसायची, कारण ती बोलत नसे.

बाबा डॉक्टर होते. बिबवेवाडीत आमच्या घराखालीच त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत बाक, पाण्याचा माठ आणि केसपेपरचं टेबल; आतल्या खोलीत बाबा. बारावीला मेडिकलची माझी जागा तीन मार्कांनी गेली. खाजगी कॉलेजचं नाव घरात काढायची सोय नव्हती. जे मेरिटवर मिळत नाही ते मिळवायचंच नाही, हे बाबांचं तत्त्व. निकालाच्या दिवशी आमटी वाढून घेत ते म्हणाले, "आता आर्ट्सला जा. लग्नापर्यंत वेळ चांगला जाईल."

मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.ला गेले. त्याच सुमारास कंपाउंडर नोकरी सोडून गेला आणि केसपेपरच्या टेबलावर माझी नेमणूक झाली, कारण "घरात एक माणूस रिकामं आहेच." तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ मी तिथे बसले. मला डॉक्टर व्हायचं होतं, ते गेलं होतं. ते मी पचवलं असतं. पण हिला हे जमलं असतं, असं बाबांनी एकदा, फक्त एकदा, तोंडाने म्हणावं, ही हाव काही सुटत नव्हती.

बाबांच्या तत्त्वांना खिडक्या होत्या. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते दवाखान्याच्या नावाचे पंचवीसेक कोरे कागद पुढ्यात घेत, प्रत्येकावर खाली सही करत, शिक्का मारत, आणि ती चळत माझ्या टेबलाच्या खणात जाई. बिबवेवाडीत तेव्हा कारखान्यातल्या कामगारांच्या जोडीला कम्प्युटर कंपन्यांमधली मुलं राहायला आली होती. चार दिवस नागपूरला जाऊन आलेल्या मुलाला आजारपणाचं सर्टिफिकेट लागे. मी सहीच्या वर 'व्हायरल फीव्हर' आणि 'पूर्ण विश्रांतीचा सल्ला' असं इंग्रजीत लिहून देई. बाबांना यात खोटेपणा दिसत नसे. त्यांच्या मते ही वेळेची बचत होती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आत्याचं पत्र आलं. बाबांनी ते जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आत्याची मुलगी तिकडे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तीही साहित्यच शिकत होती. तिकडच्या एका मेडिकल कॉलेजात म्हणे अशी सोय होती: साहित्य, तत्त्वज्ञान, संगीत असलं काही शिकणारी निवडक मुलं दुसऱ्याच वर्षी हेरायची आणि त्यांची मेडिकलची जागा तेव्हाच पक्की करून ठेवायची. मोठी प्रवेशपरीक्षा नाही. उरलेली दोन वर्षं त्यांनी आपल्या आवडीचं वाचत राहायचं, असं कॉलेजच सांगणार. ज्याला माणसांच्या गोष्टी कळतात तो डॉक्टर चांगला होतो, असा त्यांचा विचार होता. अट एवढीच, की अर्जदाराने काही आठवडे एखाद्या डॉक्टरकडे पेशंटांमध्ये बसावं आणि त्या डॉक्टरने तिच्याविषयी सविस्तर शिफारसपत्र द्यावं. तर दादा, तिला तुझ्याकडे पाठवू का?

बाबांनी पत्राची नीट घडी घातली. "तिकडे शिक्षणाचा विचार किती पुढे गेलाय बघ," ते आईला म्हणाले. याच माणसाने तीन वर्षं मला विचारलं होतं, की कवितेने ताप उतरतो का. मी पानातला भात संपवला आणि उठले.

आतेबहीण आली. ती वाईट मुलगी असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती प्रेमळ होती, हसरी होती, आईला भांडी विसळू लागायची आणि मला मिठ्या मारायची. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे मला कळायचं नाही. बाबांनी तिला स्वतःचा जुना स्टेथोस्कोप दिला. मी लहानपणी त्याला हात लावला म्हणून मार खाल्ला होता. दवाखान्यात ते पेशंटांना ओळख करून देत, "ही माझी भाची. साहित्य शिकते, अमेरिकेत डॉक्टर होणार आहे." मग एखादा भोचक माणूस माझ्याकडे बघून विचारी, आणि या? "हीसुद्धा साहित्य शिकते," बाबा म्हणत. पुढे काही नाही.

तिचं मराठी घरात आईबापांशी बोलून आलेलं होतं. मोठ्यांशी 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती सगळ्यांना 'तू' म्हणे. लोणी काळभोरचे एक बागायतदार बाबांकडे वर्षानुवर्षं यायचे. फेटा, सोन्याचं कडं, चालणं सावकाश. ही त्यांच्याजवळ जाऊन गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, तू कुठे राहतोस? तुला काय होतंय?" आजोबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "माज्या बापानं बी मला चारचौघांत कधी अरेतुरे केलं न्हाय."

हे तिला पहिल्याच दिवशी सांगणं माझं काम होतं. मी एक आठवडा सांगितलं नाही. रोज कुणीतरी दुखावलं जाई, ती गोंधळून माझ्याकडे बघे, आणि मी केसपेपरात मान घाली. मला त्यात सुख होतं. शेवटी आईनेच तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती रडली आणि मलाच म्हणाली, "तू किती चांगली आहेस, तू मला हसली नाहीस."

तिला पेशंटांचं बोलणं पुरतं कळत नसे, म्हणून बाबांनी तिची खुर्ची माझ्या टेबलाला लावली. पेशंट बोलणार, मी तिला इंग्रजीत सांगणार, ती वहीत लिहिणार. तिसऱ्या आठवड्यात एक कामगार आला. चंद्रपूरकडचा, चाळिशीचा, एका खोलीत सहा जणांबरोबर राहणारा. बाबांनी त्याला दोन महिन्यांपूर्वी मधुमेहासाठी साखरेची गोळी सुरू केली होती. तेव्हापासून तो तिसऱ्यांदा येत होता, आणि तक्रार तीच.

"मले रोज साडेनऊले डोयापुढं अंधारी येते जी. घाम सुटते. हात थरथरतेत."

बाबांनी आधी अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं होतं, मग रक्तदाब म्हणून दुसरी गोळी. मी केसपेपर शोधत होते आणि शोधता शोधता विचारलं, "साडेनऊलाच का हो? तुम्ही जेवता कधी?"

"डबा दहाले येते जी."

"आणि साखरेची गोळी?"

"आठाले. डॉक्टरसायबानं सांगतलं ना, जेवणाच्या आंधी घ्या म्हून. मंग आंधी घेतो."

गोळी जेवणाआधी, म्हणजे ताटावर बसताना. हा माणूस ती दोन तास आधी घेत होता आणि रिकाम्या पोटी लेथ मशीनवर उभा राहत होता. रोज त्याची साखर तळाला जात होती. मी हे सगळं तिला इंग्रजीत सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बाबांना म्हणाली, "मामा, तो माणूस दहा वाजता जेवतो आणि गोळी आठ वाजता घेतो." बाबांनी पेन खाली ठेवलं. मला बाहेरून ते दिसत होते. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी माझ्या कुठल्याच निकालाला पाहिला नव्हता.

त्या दिवशी जेवताना बाबांनी ती गोष्ट आईला दोनदा सांगितली. आतेबहीण मध्येच म्हणाली, "मामा, विचारलं हिने." बाबा म्हणाले, "हो, हिने भाषांतर केलं. पण महत्त्वाचं काय ते ओळखावं लागतं." आणि तिच्या पानात पोळी वाढली.

शिफारसपत्र त्यांनी हाताने लिहिलं, शाईच्या पेनाने, चार पानं. टाइप करायला मला दिलं, कारण तेव्हा सगळं पुणे कम्प्युटरच्या क्लासला जात होतं तशी मीही गेले होते आणि घरात ते यंत्र फक्त मला येत होतं. मी टाइप करत गेले. या मुलीला पेशंटजवळ बसता येतं. तिच्याशी लोक खरं बोलतात. जो प्रश्न आम्ही अनुभवी माणसं विचारायला विसरतो तो ती विचारते. पुढे कामगाराची हकिकत एक पान. शेवटी, तीस वर्षांच्या व्यवसायात इतका उपजत वकूब मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. बाबांचं इंग्रजी खडबडीत होतं. मी ते घासूनपुसून लख्ख केलं, शेवटचं वाक्य तर फारच सुरेख करून दिलं. आतेबहीण ते पत्र घेऊन परत गेली.

त्याच महिन्यात मलाही एक पत्र हवं होतं. पुण्यातच एका संस्थेत रुग्णालयीन समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वॉर्डात पेशंटांजवळ बसायचं, त्यांचं घर, पैसा, भीती समजून घ्यायची आणि डॉक्टरांना सांगायची. त्याला आर्ट्सची मुलं घेत. तीन मार्कांनी बंद झालेल्या दारातून नाही, तर बाजूच्या खिडकीतून मला आत जाता आलं असतं. अर्जाला, जिथे काम केलंय तिथल्या डॉक्टरची शिफारस लागत होती. मी बाबांकडे गेले.

"बापाने मुलीची शिफारस करायची नसते," ते म्हणाले. "बरं दिसत नाही."

"मामाने भाचीची केली ती?"

"तिच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येतं."

मी हटून बसले तेव्हा त्यांनी समोरच्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. अर्जदार माझी मुलगी आहे. तिने तीन वर्षं माझ्या दवाखान्यात केसपेपर ठेवले आहेत. ती वक्तशीर आहे.

मी तो कागद हातात धरून बाहेरच्या खोलीत आले. माठातलं पाणी प्यायले. मग खण उघडला. आत सह्या केलेले कोरे कागद होते. वरच्या मजल्यावर कम्प्युटरमध्ये तिचं पत्र तसंच होतं. मी त्यातलं तिचं नाव काढून माझं घातलं, आठवड्यांच्या जागी वर्षं केली, बाकी एका शब्दाला हात लावला नाही. कागदावरची जागा बघून मजकूर बेतला, म्हणजे शेवटची ओळ बरोबर सहीच्या वर आली. मला भीती वाटली नाही. माझं हरवलेलं सामान मी परत आणते आहे, असंच वाटत होतं.

मुलाखतीला तिघं होती. मधल्या बाईंनी ते पत्र वाचलेलं होतं. त्यांनी मला कामगाराबद्दल विचारलं. पत्रात एक पान होतं, मी त्यांना दहा पानांचं सांगितलं. त्याच्या खोलीतले सहा जण झोपायच्या पाळ्या कशा लावत, डबेवाल्या बाईला आधी डबा दे असं सांगायला तो का लाजत होता, गोळीची वेळ बदलल्यावर तो एकदा नुसता हात जोडायला कसा आला होता. बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही इथे यायलाच हवं," त्या म्हणाल्या. कुणाच्या तोंडून मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. घरी येताना मी सबंध रस्ता चालत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बाईंचाच आवाज. निवड जवळजवळ झालीच आहे, पण पत्र वडिलांचंच आहे ना, म्हणून नियमाप्रमाणे डॉक्टरांशी एक शब्द बोलून घेते. मी फोन ठेवून देऊ शकले असते. डॉक्टर बाहेर गेलेत म्हणू शकले असते. पण माझ्या मनात वेडी आशा होती, की पत्र ऐकून बाबांना लाज वाटेल आणि ते हो म्हणतील. मी वायर ताणून रिसीव्हर आत नेऊन दिला.

बाबा उभ्यानेच ऐकत होते. बाई बहुधा पत्र वाचून दाखवत होत्या. मध्ये बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रिपोर्टात नको ते दिसलं की पाहत तसं.

"हो, सही माझीच," ते म्हणाले. "मजकूरही माझाच आहे. शब्द न् शब्द खरा आहे." "पण तो हिच्याविषयी नाही. आपला वेळ गेला, क्षमा असावी."

रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "पुढचा पाठव."

मी पुढचा पाठवला. त्याला कान दुखत होता. पुढच्या रविवारपासून बाबा सह्या केलेल्या कोऱ्या कागदांच्या कोपऱ्यात आकडे घालू लागले. सर्टिफिकेटं चालूच राहिली.

आतेबहिणीला मेडिकलची जागा मिळाली. शिफारसपत्राचं तिकडे फार कौतुक झालं, विशेषतः शेवटच्या वाक्याचं, असं आत्याने कळवलं. मी एका नव्या धंद्यात शिरले. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासून यंत्रात बोलून ठेवत आणि इकडे पुण्यात आम्ही कानाला हेडफोन लावून ते शब्दाला शब्द टाइप करत असू. त्यासाठी बी.ए. इंग्रजी चालत होतं. पंधरा वर्षं मी डॉक्टरांचं बोलणं लिहिलं. लग्न झालं नाही. वेळ मात्र चांगला गेला.

आई गेली. दवाखाना बंद झाला, आता तिथे केशकर्तनालय आहे. बाबा ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांना साखर लागली. दुसऱ्या डॉक्टरकडे ते जात नाहीत, स्वतःचं औषध स्वतः ठरवतात. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःला गोळी सुरू केली. सकाळी आठच्या ठोक्याला गोळी, मग दाढी, अंघोळ, पूजा, अग्रलेख, आणि दहाला नाश्ता. चार-पाच दिवसांत साडेनऊच्या सुमाराला ते बेसिन धरून उभे राहू लागले. कपाळावर घाम. "मान आहे," ते म्हणाले. "स्पाँडिलोसिस." आणि गळ्यात पट्टा बांधून बसले.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोच साडेनऊचा घाम, तेच थरथरणारे हात. एक प्रश्न विचारायचा होता. मी आठ दिवस तो विचारला नाही. साडेनऊ वाजले की मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायची, आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला नको होतं, पण मग बाकीचं तरी कशाला लिहायचं.

आठव्या दिवशी ते कपाटावर आदळले आणि भुवई फुटली. मी त्यांना साखर घातलेलं दूध पाजलं, जखम पुसली, तरीही काही बोलले नाही. संध्याकाळी अमेरिकेहून आतेबहिणीचा नेहमीचा फोन आला. आता ती तिकडे मोठी डॉक्टर आहे. बाबांनी तिला सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून.

"मामा, तुम्ही मला काय विचारता?" ती म्हणाली. तिचं 'तुम्ही' आता पक्कं झालंय. "तिला विचारा ना. त्या कामगाराचं तिनेच तर ओळखलं होतं. मी फक्त आत येऊन तुम्हाला सांगितलं."

बाबा माझ्याकडे वळले. "तुला माहीत आहे?"

"नाश्ता किती वाजता करता?" मी विचारलं.

पन्नास वर्षं दवाखाना चालवलेला माणूस तो. दुसरा प्रश्न लागला नाही. त्यांनी हळूहळू गळ्यातला पट्टा सोडला आणि मांडीवर ठेवला.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मी वाट पाहिली. आता तरी काहीतरी म्हणतील, शिवी का असेना.

"हं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समोरचे टापटीप शेजारी भुवईची पट्टी बघायला आले. बाबा तरतरीत होते. "अहो, कमाल झाली," ते सांगत होते. "आमच्या भाचीने अमेरिकेत बसून निदान केलं. नुसतं फोनवर. याला उपजतच लागतं." शेजारी वा वा म्हणाले. मी दोघांना चहा दिला.

गोळ्यांची डबी आता माझ्या कपाटात असते, किल्ली माझ्याकडे. सकाळी ताट पुढ्यात आलं की बाबा हात पसरतात. मी विचारते, "खाताय ना?" ते हो म्हणतात. बहुतेक दिवशी मी तेवढ्यावर गोळी देते. मनात आलं तर पुन्हा विचारते, आणि ते हात तसाच पसरून पुन्हा हो म्हणतात.